तो तक्ता फळ्यावरून पुसा

विदर्भातल्या मुलांना इंग्रजीचे काळ जमत नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात मराठी आणि बोली घट्ट बसलेली असते; ती बाहेर काढल्याशिवाय इंग्रजी आत शिरणार नाही. हे म्हणणं शिक्षकांच्या बैठकीत ऐकू येतं, पालकांच्या बोलण्यात येतं, स्पोकन इंग्लिशच्या जाहिरातींत तर येतंच येतं. पुरावा म्हणून नेहमीची तीन वाक्यं पुढे केली जातात. ‘आय अ‍ॅम नोइंग हिम.’ ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स.’ ‘माय फादर इज डुइंग फार्मिंग.’ मुलं जिथेतिथे क्रियापदाला आयएनजी लावतात, साधा काळ कुठे आणि चालू काळ कुठे हे त्यांना कळत नाही, आणि याचं खापर मायबोलीवर फुटतं.

मला हे म्हणणं मान्य नाही. ज्या तीन वाक्यांवर हा आरोप उभा आहे, ती तीनही वाक्यं मराठीत म्हणून बघा. ‘मी त्याला ओळखतो.’ ‘मला दोन भाऊ आहेत.’ ‘माझे वडील शेती करतात.’ यात ‘ओळखत आहे’ कुठे आहे? ‘शेती करत आहेत’ कोण म्हणतं? वडिलांचा व्यवसाय सांगताना आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यातलं दुसरीतलं पोरही ‘करतात’ म्हणतं. म्हणजे या तीनही ठिकाणी मराठीने साधाच काळ वापरला आहे, इंग्रजीलाही साधाच काळ हवा आहे, आणि तरीही मुलाच्या वहीत आयएनजी उतरलं आहे. मायबोलीनं जे सांगितलं ते मुलानं ऐकलं असतं, तर तिन्ही वाक्यं बरोबर आली असती. मग चूक आली कुठून?

ती आली शाळेतल्या तक्त्यातून. हा तक्ता महाराष्ट्रातल्या बहुतेक मराठी माध्यमाच्या शाळेत, शिकवणीत आणि गाइडमध्ये आहे. डावीकडे मराठी क्रियापदाची शेपटी, उजवीकडे इंग्रजी रूप. ‘तो, ते, तात’ दिसलं की क्रियापदाचं पहिलं रूप. ‘त आहे’ दिसलं की अ‍ॅम, इज, आर आणि पुढे आयएनजी. ‘ला आहे, ली आहे’ दिसलं की हॅव, हॅज आणि तिसरं रूप. ‘त होता’ दिसलं की वॉज, वेअर. असे बारा काळांचे बारा खण. मुलं तो पाढ्यासारखा म्हणतात. परीक्षेत ‘दिलेलं वाक्य अमुक काळात बदला’ असा प्रश्न येतो, त्याला तक्ता पुरतो, एक-दोन गुण मिळतात, आणि मुलाला काळ आले असं सगळे समजतात.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर महाराष्ट्राच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, म्हणून हा तक्ता म्हणजे आपली जुनी सिद्ध पद्धत आहे असं काही जण सांगतात. पण तर्खडकर घेऊन बसणारा विद्यार्थी वाक्यांमागून वाक्यं भाषांतरित करत असे. नियम थोडा आणि वाक्यांचा मारा मोठा. त्या सरावात नियमाला पडलेले अपवादही हाताखालून जात. आपण वाक्यांचा मारा काढून टाकला आणि नियमाची कात तेवढी ठेवली. तर्खडकरांचं नाव घेऊन या तक्त्याचं समर्थन करू नये.

आता ‘आय अ‍ॅम नोइंग’चा जन्म बघा. मराठीत ज्ञान सांगायला ‘मला माहीत आहे’ हे दुसरं वाक्यही आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’ यांत मालकी सांगायला वेगळं क्रियापद नाही, ‘आहे’वर काम भागतं. तक्त्यावर वाढलेल्या मुलाला वाक्यात ‘आहे’ दिसलं की अ‍ॅम-इज-आर आठवतं आणि अ‍ॅम-इज-आर आलं की पाठोपाठ आयएनजी. तिथे ‘त’ नाही, हे बघण्याइतका वेळ परीक्षेत किंवा मुलाखतीत कुणाला असतो? ही चूक मराठीतून येत नाही. मराठीकडे शेपट्यांपुरतं बघायला शिकवल्यामुळे ती येते.

दुसरं कारण इंग्रजीच्याच घडणीत आहे आणि त्याकडे कोणी बघत नाही. चालू काळ बनवायला सोपा आहे. एकदा ‘गोइंग’ आलं की क्रियापदाला पुन्हा हात लावावा लागत नाही. ‘ही’ असो, ‘दे’ असो, गोइंग ते गोइंगच. नकार करायचा तर ‘नॉट’ घाला, प्रश्न करायचा तर ‘इज’ उचलून पुढे ठेवा. साधा वर्तमानकाळ मात्र नावाचाच साधा. ‘ही’, ‘शी’ आलं की ‘गो’ला ‘एस’ लागतो, त्यातही ‘ईएस’. प्रश्नात कुठूनतरी ‘डू’ किंवा ‘डझ’ आणावं लागतं, आणि ते आलं की ‘एस’ काढून टाकायचा. ‘डझ ही गोज’ म्हणून मार खाल्लेलं मूल पुढच्या वेळी ‘इज ही गोइंग’ म्हणून सुटका करून घेतं. शिवाय पहिलीपासून वर्गात करून दाखवण्याच्या कृती चालू काळाच्याच असतात. बाई दार उघडतात आणि म्हणतात, ‘आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर.’ वर्गात करून दाखवायला ते सोयीचं. ‘आय लिव्ह इन मुलचेरा’ करून कसं दाखवणार? मग मुलाच्या मनात पक्कं होतं की आयएनजी म्हणजेच खरी इंग्रजी. ‘माय फादर इज डुइंग फार्मिंग’ हे वाक्य या दोन्ही गोष्टींतून येतं. ‘शेती करतात’ या मराठी वाक्याचा त्यात काडीचा दोष नाही.

तक्ता किती खोटा आहे हे बघायचं असेल, तर चित्रवर्णनाचा एक साधा प्रश्न घ्या. चित्रात मुलगा झाडाखाली बसला आहे, म्हातारी झोपली आहे, गुराख्यानं डोक्याला पटका बांधला आहे, हातात काठी धरली आहे, मागे गाय उभी आहे. आपण मराठीत हे चित्र असंच सांगतो. ‘मुलगा झाडाखाली बसत आहे’ म्हटलं, तर तो आत्ता खाली टेकतो आहे असा अर्थ होईल. आणि ‘गाय उभी आहे’ला तर तक्त्यात खणच नाही. इंग्रजीला मात्र या सगळ्या ठिकाणी चालू काळ लागतो. द बॉय इज सिटिंग. द ओल्ड वूमन इज स्लीपिंग. द काउहर्ड इज वेअरिंग अ टर्बन अँड होल्डिंग अ स्टिक. द काउ इज स्टँडिंग. तक्त्याप्रमाणे ‘ला आहे, ली आहे’ म्हणजे हॅज, म्हणून मूल लिहितं, ‘द बॉय हॅज सॅट अंडर द ट्री.’ वही तपासणारे शिक्षक त्यावर लाल रेघ ओढतात आणि मुलाला कळत नाही की आपण दिलेला नियम अगदी प्रामाणिकपणे पाळला, मग चुकलं काय. मराठी इथे कृती संपून उरलेली स्थिती बघते. बसण्याची क्रिया झाली, आता तो बसलेला आहे. इंग्रजी तीच स्थिती चालू असलेली बघते. दोन्ही नजरा आपापल्या जागी खऱ्या आहेत. शेपटीला शेपटी जोडून हे कधीच हाती लागणार नाही.

आणि आमच्या मुलचेऱ्यात तर वर्गात फक्त मराठी नसते. साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं या भागात वसवली गेली. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही नावं त्याचीच. त्या घरांत आजही बंगाली बोलतात. अहेरी-सिरोंच्याकडून तेलुगू येते. जंगलातल्या गावांतून माडिया-गोंडी येते. एका बाकावर बसलेल्या तीन मुलांच्या घरी तीन भाषा असू शकतात. बंगाली मूल त्याच चित्राला ‘बोशे आछे’ म्हणतं. म्हणजे ‘बसून आहे’, मराठीच्या ‘बसला आहे’ला अगदी जवळचं. तेलुगूत ‘कूर्चुन्नाडु’ म्हटलं की ‘बसला’ आणि ‘बसला आहे’ हे दोन्ही अर्थ निघतात. घरं वेगवेगळी, पण बसण्याच्या बाबतीत तिन्ही भाषा एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला. ही गोष्ट वर्गात एकदा उघड केली, फळ्यावर तिन्ही वाक्यं शेजारी लिहिली आणि मुलांनाच विचारलं की तुमच्याकडे काय म्हणतात, तर ती विसरण्यासारखी राहत नाही. यासाठी शिक्षकाला बंगाली किंवा तेलुगू यावं लागत नाही. मुलांना येतं.

माडिया मुलावर तर तक्त्यानं उघड अन्याय होतो. त्याच्यासाठी मराठीच शाळेत भेटलेली दुसरी भाषा. ‘जातो’, ‘जात आहे’ आणि ‘जात असतो’ यांतला फरक त्याला मराठीतच पुरता उमगलेला नसतो, आणि त्याच शेपट्यांवर त्याची इंग्रजी उभी करायची असते. आधी घरच्या भाषेतून मराठीत, मग मराठीच्या शेपटीवरून इंग्रजीत. पहिल्या पायरीवर घसरलं की दुसरी चुकणारच. आणि मग तेच मूल ‘याला इंग्रजी जमत नाही’ म्हणून मागच्या बाकावर जातं.

मराठी घरांतली स्थिती फार वेगळी नाही. तक्त्यातली मराठी पुस्तकी आहे, आणि पूर्व विदर्भात बोलताना चालू काळ ‘त आहे’नं होतच नाही. इथे म्हणतात, ‘काय करून राहिला बे?’ ‘पाऊस येऊन राहिला.’ ‘मी जेवून राहिलो.’ ही रूपं सरळसरळ चालू काळाची आहेत आणि अर्थाला अगदी पक्की आहेत. ‘तो जाऊन राहिला’ आणि ‘तो जाते’ यांतला फरक गडचिरोली-चंद्रपूरकडचं कुठलंही मूल झोपेतही चुकणार नाही. आता तक्ता हातात घ्या. ‘जाऊन राहिला’मध्ये ‘त आहे’ नाही. शेवटी ‘ला’ आहे, म्हणजे भूतकाळ! चालू काळाची इतकी स्पष्ट खूण घरून घेऊन आलेल्या मुलाला आपण सांगतो, तुझं बोलणं अशुद्ध, आधी ते ‘जात आहे’ कर, मग इंग्रजी कर. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी पूर्व विदर्भातल्या या बोलीला, झाडीबोलीला, मान मिळावा म्हणून आयुष्य घातलं. शाळेत मात्र ‘करून राहिला’ अजून हसण्याचा विषय आहे. ‘करून राहिला’ची जागा ‘इज डुइंग’शी बहुतेक वेळा नीट जुळते. जी बोली मुलाला इंग्रजीच्या दारापर्यंत आणून सोडते, तिलाच आपण अडसर म्हणतो.

तक्त्याचा आणखी एक घोटाळा आहे. मराठीत क्रियापदाचं रूप आणि बोलण्यातला काळ एकमेकांना बांधलेले नाहीत. आई हाक मारते आणि मूल ओरडतं, ‘आलो, आलो!’ रूप भूतकाळाचं, मूल अजून उंबऱ्याच्या बाहेर. इंग्रजीत तिथे ‘आय अ‍ॅम कमिंग’. ‘थांब, मी येतो’ हे रूप वर्तमानकाळाचं, तिथेही ‘आय अ‍ॅम कमिंग’. ‘उद्या मी गडचिरोलीला जातो’ तेही साध्या रूपात, इंग्रजीत ‘आय अ‍ॅम गोइंग टु गडचिरोली टुमारो’. तक्त्यानं ही तिन्ही वाक्यं ‘आय केम’, ‘आय कम’ आणि ‘आय गो’ होतात. आपल्या व्याकरणकारांना हे नवीन नव्हतं. मराठी व्याकरणात रूपांना ताख्यात, लाख्यात, वाख्यात अशी नावं आहेत. ती रूपाची नावं आहेत, काळाची नाहीत. लाख्यात म्हणजे भूतकाळच, असं त्यात गृहीत धरलेलं नाही. केशवसुतांचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 सालचं आहे. मराठी क्रियापदावर इतका विचार झालेला असताना शंभर वर्षांनी आपण मुलांना शेपटी बघून काळ ओळखायला शिकवतो, याचं वाईट वाटतं.

मग साध्या आणि चालू काळात निवड करायची कशी? घड्याळ बघून नाही. ‘आत्ता घडतंय म्हणजे चालू, नेहमी घडतं म्हणजे साधा’ हा दुसरा पाठ केलेला नियमही अर्धाच आहे. क्रिकेटचा समालोचक डोळ्यांसमोर आत्ता पडणाऱ्या चेंडूबद्दल साध्या वर्तमानकाळात बोलतो. पाककृती सांगणारी बाई हातात झारा असतानाही साध्या काळात बोलते. उलट सतत कुरकुर करणाऱ्याबद्दल इंग्रज ‘ही इज ऑल्वेज कम्प्लेनिंग’ म्हणतो. ते नेहमीचं असूनही चालू काळात येतं, कारण त्यात वैताग आहे. मराठीत आपण तिथे ‘तो सारखा कुरकुरत असतो’ म्हणतो, आणि त्यातही तोच वैताग आहे. प्रश्न घटना कधी घडली याचा नाही, बोलणारा तिच्याकडे कसा बघतो याचा आहे. ती पुरी, ठरलेली, एकसंध गोष्ट म्हणून समोर ठेवायची, की तिच्या मध्यात उभं राहून, अजून उलगडत असलेली, तात्पुरती म्हणून दाखवायची?

हे मुलचेऱ्यातच उभं राहून सांगता येतं. सांगलीहून बदलीवर आलेले शिक्षक म्हणतात, ‘मी सध्या मुलचेऱ्यात राहतोय.’ त्यांच्या घरमालकाची म्हातारी आई म्हणते, ‘मी मुलचेऱ्यात राहते.’ दोघंही आज, या क्षणी, एकाच घरात राहतात. शिक्षकांची इंग्रजी ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन मुलचेरा’ होईल आणि म्हातारीची ‘आय लिव्ह इन मुलचेरा’. शिक्षकांनी ‘आय लिव्ह’ म्हटलं तर तेही चूक नाही. त्यांनी इथे बिऱ्हाड थाटायचं ठरवलं असा त्याचा सूर येईल. निवड बोलणाऱ्याची असते, आणि ती अर्थ बदलते. वर्धा नदी चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते आणि तिथून प्राणहिता सुरू होते. ‘मिळत आहे’ असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही ‘द वर्धा जॉइन्स द वैनगंगा’. पण पुरात दिना नदीचं पाणी चढू लागलं की आपण ‘पाणी चढतंय’ म्हणतो आणि इंग्रजीही ‘द वॉटर इज रायझिंग’ म्हणते. आलापल्लीची एसटी सकाळी सहाला सुटते: ‘लीव्हज’. ती आज उभीच आहे, ड्रायव्हर चहा पितोय: ‘इज ड्रिंकिंग टी’. या सगळ्या वाक्यांत मराठीची जाण आणि इंग्रजीची जाण हातात हात घालून चालते. मुलाच्या मनात ती आधीच आहे. ती जागी करायची आणि फक्त जिथे वाट फुटते तिथे पाटी लावायची, एवढंच शिक्षकाचं काम.

वाटा फुटतात, हे मी नाकारत नाही. मायबोली प्रत्येक ठिकाणी बरोबरच नेते असा दावा कोणी करू नये. ‘मला कळतंय’, ‘मला दिसतंय’, ‘ऐकू येतंय’, ‘मला वाटतंय’ या मनाच्या आणि इंद्रियांच्या गोष्टी मराठी बिनदिक्कत चालू रूपात सांगते. इंग्रजीला तिथे ‘आय अंडरस्टँड’, ‘आय कॅन सी’, ‘आय कॅन हिअर’, ‘आय थिंक’ लागतं. बंगाली मूल तर ‘बुझते पारछि’ म्हणतं, म्हणजे ‘समजू शकतोय’. ते ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ म्हणालं तर नवल नाही. तसंच ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतो’. मराठीला तिथे साधा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजी ‘हॅव बीन लिव्हिंग’ मागते, कारण भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत आलेली गोष्ट ती वेगळ्या पेटीत ठेवते. लहानपणच्या सवयी सांगताना आपण ‘आम्ही नदीवर पोहायला जात असू’ म्हणतो आणि मूल ‘वुई वेअर गोइंग’ लिहितं. हवं असतं ‘वुई वेन्ट’ किंवा ‘वुई यूज्ड टु गो’. या खऱ्या अडचणी आहेत. पण त्या मोजक्या आहेत, त्यांची नावं सांगता येतात, आणि मराठी वाक्य समोर ठेवल्याशिवाय त्या दाखवताच येत नाहीत. मायबोलीला वर्गातून हाकलून दिलं तर ‘कळतंय’ आणि ‘अंडरस्टँड’ यांतला फरक दाखवायचा कसा? आपण तिच्याबद्दल बोलायचं बंद केलं म्हणून ती मुलाच्या डोक्यात बोलायची थांबत नाही. ती मग मागून, न सांगता चुका करवते.

‘इंग्रजी माध्यमात घाला, प्रश्न मिटेल’ म्हणणाऱ्यांना विचारायचं आहे की मुलचेऱ्यात इंग्रजी कानावर पडणार कुठून? बाजारात नाही, एसटी स्टँडवर नाही, घरी नाही. जिथे भाषा वर्गाबाहेर ऐकूच येत नाही, तिथे ‘ऐकून ऐकून येईल’ हा सल्ला पोकळ आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. मी त्या निर्णयाच्या विरोधात नाही. खेड्यातल्या मुलाला इंग्रजी लवकर मिळावी हा हेतू योग्यच होता. पण लवकर सुरू केल्यानं चांगली शिकवली जाते असं नाही. आणि ‘आय अ‍ॅम हॅविंग’ फक्त मराठी माध्यमातली मुलं म्हणतात हे तर साफ खोटं आहे. मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत, बारावीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेली माणसं ते रोज म्हणतात. मुंबईत वाढलेल्या निस्सिम इझिकेल यांनी आपल्या काही प्रसिद्ध कविता अशाच आयएनजीनं भरलेल्या भारतीय इंग्रजीत लिहिल्या, त्यातली माणसं काही गडचिरोलीच्या जंगलातली नव्हती. ही सवय देशभरची आहे. ती मुलचेऱ्याच्या मुलाच्या माथी मारून त्याच्या आईची भाषा शाळेबाहेर ठेवणं हा अन्याय आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा शिक्षणाचं माध्यम असावी असंच सांगितलं आहे.

दुसरीकडून एक वेगळा आवाज येतो आणि तो मला जास्त आदरानं ऐकावासा वाटतो. तो म्हणतो, ‘आय अ‍ॅम नोइंग’ ही चूकच नाही, ती भारतीय इंग्रजी आहे. ब्रज काचरू यांनी ‘द इंडियनायझेशन ऑफ इंग्लिश’ हे पुस्तक 1983 साली लिहिलं आणि भारतातल्या इंग्रजीला स्वतःचं अस्तित्व आहे हे जगापुढे मांडलं. इंग्रजी स्वतःही एका जागी थांबलेली नाही. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये पोलोनियस वाचत बसलेल्या राजपुत्राला काय वाचतोस हे साध्या वर्तमानकाळात विचारतो, आजचा इंग्रज तिथे चालू काळ वापरेल. ‘द हाउस इज बीइंग बिल्ट’ ही रचना एकोणिसाव्या शतकातही कित्येक पंडितांना खुपत होती; अमेरिकेत रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी 1870 च्या पुस्तकात तिच्यावर कडाडून टीका केली. आज ती प्रत्येक क्रमिक पुस्तकात आहे. स्कॉटलंडच्या बोलण्यात ‘आय अ‍ॅम वॉन्टिंग’ ऐकू येतं. आणि 2003 पासून मॅकडोनाल्ड्सनं ‘आय अ‍ॅम लव्हिंग इट’ जगभर भिंतींवर रंगवलं. मग आमच्याच मुलानं का लाजायचं?

लाजू नये. त्याला कोणी हसूही नये. पण लाज वाटू नये म्हणून शिकवायचंच नाही, हे मला पटत नाही. मॅकडोनाल्ड्सच्या जाहिरातदाराला दोन्ही रूपं येत होती, त्यानं एक मुद्दाम निवडलं. मुलचेऱ्याच्या मुलाकडे एकच रूप आहे. कोनसरीच्या पोलाद कारखान्यात मुलाखतीला गेलेला किंवा गोंडवाना विद्यापीठातून पदवी घेऊन पुण्याला निघालेला तरुण ‘माय फादर इज डुइंग फार्मिंग’ म्हणतो, तेव्हा समोरच्याला अर्थ कळतोच; पण वडील सध्या तात्पुरते शेती करताहेत, उद्या दुसरं काही करतील, असाही सूर त्यातून निघतो. पिढ्यान् पिढ्या शेती करणाऱ्या माणसाचं आयुष्य त्याच्याच मुलाच्या तोंडून हंगामी होऊन जातं. त्याला तसं म्हणायचं नसतं. जे म्हणायचं आहे ते म्हणता यावं, एवढीच इंग्रजी शिकण्यामागची अपेक्षा आहे. दोन्ही रूपं हातात आल्यावर त्यानं भारतीय थाटाची इंग्रजी बोलावी, हवी तेवढी आयएनजी लावावी. तेव्हा ती त्याची निवड असेल.

शिक्षकांवर सगळा भार टाकून चालणार नाही, कारण ते परीक्षेला बांधलेले आहेत. ‘वाक्य चालू काळात बदला’ हा प्रश्न जोवर छापला जाईल, तोवर तक्ता जगेल. त्या प्रश्नात मुलाला कशाचाही अर्थ समजावा लागत नाही. ‘नोज’चं ‘इज नोइंग’ करायला सांगितलं तर तेही तो करून देईल. त्याऐवजी दोन ओळींचा प्रसंग द्या. रवी नागपूरला नोकरी करतो, पण गेला महिनाभर वडील आजारी म्हणून लगाम गावी, घरी आलाय. त्याच्याबद्दल दोन वाक्यं लिहा. मुलाला ठरवावं लागेल, कुठे ‘वर्क्स’ आणि कुठे ‘इज स्टेइंग’. असा प्रश्न तपासायलाही अवघड नाही, आणि त्याची तयारी पाठांतरानं होत नाही. नागपूर विभागीय मंडळापासून पुण्याच्या बालभारतीपर्यंत ज्यांच्या हातात प्रश्नपत्रिका आणि पुस्तकं आहेत, त्यांनी एवढं करावं.

आणि वर्गात उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. या सत्रात काळ शिकवायला घ्याल तेव्हा बारा खणांचा तक्ता फळ्यावर काढू नका. त्या जागी मुलांच्या तोंडची वाक्यं लिहा: ‘पाऊस येऊन राहिला’, ‘आलोच’, ‘बोशे आछे’, ‘बाबा शेती करतात’. प्रत्येकाला विचारा, हे पुरं झालेलं आहे, ठरलेलं आहे, की अजून चाललेलं आहे. उत्तर मुलांना माहीत आहे. इंग्रजी रूप त्यानंतर द्या.